दोन मिनिटांनी झोपणारे अमृतराव

अहमदपूर, सोमवार

ती. शेषेराव दाजींना मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर आता बरी असेल, ताईची चिडचिड नेहमीएवढीच असेल आणि भाची पुनमचा अभ्यास माझ्या जुन्या लॅपटॉपवर जोरात चालू असेल, असे धरून चालतो. मी धडधाकट आहे. (फोनवरही बोलता आले असते, पण ताई तो स्पीकरवर टाकते आणि नको तिथे हसते.)

दिवाळीत लॅपटॉप पुनमच्या हवाली करताना मी ओसरीवर केलेले भाषण तुम्हाला आठवत असेलच. लॅपटॉप कारकुनाने वापरावा, कलावंताच्या हातात टॅबच शोभतो, वगैरे. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. गेलेल्या माणसांचे फोटो रंगवून मोठे करून देणे हा माझा धंदा, आणि त्यात टॅब खरेच गुणी निघाला. पेनने थेट काचेवर मिशी काढता येते. जन्मात कोट न घातलेल्या माणसाला मी चहा निवायच्या आत कोट चढवतो.

तर चाकूरकडच्या एका खेड्यातले अमृतराव वारले. त्यांचा एकच फोटो होता, पुतण्याच्या लग्नातला, आणि त्यातही ते पंगतीकडे बघत होते. मी नजर समोर वळवली, फेटा बांधला, कोट घातला आणि तेरवीसाठी लातूरला छापायला पाठवला. नेमके तेरवीच्या सकाळी छापणाऱ्याचे मशीन बंद पडले. पाट, हार, उदबत्ती सगळे तयार आणि फोटोच नाही. तेव्हा मी (कोणी सांगितले नसताना) पुढे झालो आणि टॅबच पाटावर उभा केला. अमृतराव असे उजळले की सगळे भाऊबंद पाटाकडे सरकले. खरे सांगतो, मला अभिमान वाटला.

दोन मिनिटांनी अमृतराव काळेठिक्कर पडले. ही बॅटरी वाचवण्याची सोय आहे, हे शंभर माणसांना कसे समजावणार? मी हळूच गालावर बोट टेकवले, ते परत आले. मग पंगती उठेपर्यंत मी पाटाशेजारी मांडी घालून दर दोन मिनिटांनी त्यांच्या गालाला बोट लावत बसलो. एक म्हातारे करवादले, "गालाला काय करून राहिला? पायाला हात लाव." चित्र छातीपर्यंतच होते, मी कोटाच्या शेवटच्या बटणाला हात लावला. त्यातच तुमचा मेसेज अमृतरावांच्या कपाळावर उमटला: 'जेवलास का?' कोणीतरी तो मोठ्याने वाचला. त्यांच्या पत्नी साखराबाई शांतपणे म्हणाल्या, "हाव, निवद दाखवलाय." (दाजी, यात तुमचा दोष नाही. दुपारी बाराला तुम्ही रोज हेच विचारता.)

छापील फोटो तिसऱ्या दिवशी आला, तोवर टॅब त्यांच्या घरी पाटावरच होता. चौकटीत घालून नेऊन दिला आणि टॅब मागितला. साखराबाईंनी चौकटीतल्या गालावर बोट ठेवले, थोडा वेळ वाट पाहिली आणि चौकट मला परत दिली. "लई चांगला काढलास बाबा. पण हे उठत न्हाईत." मला वाईट वाटले. चौकट काखेत मारून मी परत आलो.

असो. टॅबबद्दल माझे मत कायम आहे. ताईला नमस्कार, पुनमला आशीर्वाद.

आपला,
सुदर्शन

ता. क. : लॅपटॉप पाठवा. येत्या रविवारी दोन तेरव्या आहेत आणि मी फोनवर बोटाने मिशा काढून राहिलोय. मिशी काढायला गेलो की नाकही रंगते. अशी दोन चित्रे गेली तर तिसरे कोणी मागायला येणार नाही. एसटीच्या कंडक्टरजवळ दिलात तरी चालेल, मी स्टँडवर उभा राहीन. पुनमला काय सांगायचे ते तुम्ही ठरवा, फक्त ओसरीवरच्या भाषणाचा विषय काढू नका.

आणखी एक : काल टॅब आणायचाच म्हणून गेलो होतो. चौकट परत आणली त्या दिवशी मी, आपली मदत म्हणून, पडदा कधीच काळा होणार नाही अशी सोय करून आलो होतो. साखराबाई दारातच रागावल्या. "आठ दिस झाले, डोळे उघडे हायेत त्यांचे. जन्मभर रानात राबले, आता तरी झोपू दे की!" टॅब त्यांनीच माझ्या हातात दिला. मी ती सोय पुन्हा दोन मिनिटांवर आणली आणि टॅब होता तिथे ठेवला. तेव्हा लॅपटॉपसोबत त्याचा चार्जर आठवणीने पाठवा. टॅबचे इतके दिवस तिथे साखराबाईंच्या नातीच्या फोनच्या चार्जरवर भागत होते, टॅबचा स्वतःचा काल मीच देऊन आलो.