पट्ट्याच्या जमिनीवरचा ब्लॉक नंबर तीन

मी, आकाराम केरबा वीरकर, वय वर्षे ६७, पूर्वीचा धंदा दस्तलेखन, मूळ राहणार दहिवडी, तालुका माण, हल्ली मुक्काम कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने, कोणाचेही दडपण नसताना लिहीत आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजवा ठीक आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कचेरीबाहेर बसून छत्तीस वर्षे मी लोकांची मृत्युपत्रे लिहिली. स्वतःचे लिहिताना पहिले दोन कागद फाडावे लागले.

१. मला पत्नी सौ. साळूबाई, मुलगी बनुबाई व मुलगा सयाजी एवढेच वारस आहेत. बनू कन्याशाळेत शिक्षिका आहे आणि नवऱ्याचे घर सोडून सात वर्षे आमच्याजवळ राहते. सयाजी लष्करात आहे.

२. दहिवडीची कोरडवाहू जमीन बाभळींसह सयाजीस द्यावी. त्याला आधी विचारले आहे. त्याचे पत्र सोबत आहे, त्यात तो लिहितो, "आबा, ब्लॉक अक्काला द्या. मला पेन्शन बसली की माणात मेंढरं पाळायची हायत." पोराने हे न कुरकुरता लिहिले, याचे मला फार समाधान आहे.

३. कराडमधील चार ब्लॉकच्या इमारतीतील पहिल्या मजल्यावरचा ब्लॉक नंबर तीन ही माझी मुख्य मिळकत. तिची हकिकत सविस्तर लिहितो, कारण ती माहीत नसेल तर वारस फसतील.

ब्लॉक आमचा आहे, खालची जमीन आमची नाही. ती सांगलीच्या सुलाबाई घोरपडे यांच्या घराण्याची, भाडेपट्ट्याने दिलेली. सन १९६६ मध्ये एका कंत्राटदाराने तो पट्टा आपल्या नावे करून घेऊन इमारत बांधली. पट्टा नव्व्याण्णव वर्षांचा आहे, मूळ कागद वकिलाकडे आहे, असे तो म्हणाला. चारही ब्लॉकची खरेदीखते मीच लिहिली. त्यांत "मूळ पट्ट्यात नमूद मुदतीपर्यंत" असे शब्द घातले आणि मूळ पट्टा पाहिला नाही. परक्या गिऱ्हाइकासाठी मी असे कधीच केले नसते. स्वतःचे घर होतेय या आनंदात केले.

साळूबाई चौथी शिकलेली. राहायला आलो त्या दिवशी तिने विचारले, "आवं, पर जमीन कुनाची?"

"पट्ट्याची. नव्व्याण्णव वर्सांची."

"कवापासनं?"

मी म्हणालो, "तू चहा ठेव आधी."

सन १९७२ मध्ये सोसायटी नोंदवायची म्हणून दुय्यम निबंधकांच्या कचेरीतून मूळ पट्ट्याची नक्कल काढली. पट्टा सन १९३० चा निघाला, मुदत पन्नास वर्षांची. म्हणजे जेमतेम आठ वर्षे उरली होती. शिवाय मुदत संपताच इमारत भरपाईशिवाय जमीनमालकाकडे जाईल, असे कलम होते. चार कुटुंबांचे छप्पर माझ्या अक्षरापायी धोक्यात आले होते. आठ दिवस मी घरात कोणाला हे सांगितले नाही. नवव्या दिवशी साळूबाईला सांगितले. ती रागावली नाही. "खाली जावा आन समद्यास्नी सांगा," एवढेच म्हणाली.

मी अंगणात उभा राहून सांगितले. तळमजल्यावरचे बादशहा इमाम मुल्ला, बांगड्यांचे व्यापारी, माझे तीस वर्षांपासूनचे मित्र. ते म्हणाले, "आकाराम, मी कागद वाचलाच न्हाई गड्या. तू लिहिलायस म्हनून डोळं झाकून सही केली." त्यानंतर दोन महिने आम्ही एका जिन्याखालून जात-येत होतो आणि ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत वाईट दोन महिने. मग एका सकाळी तेच वर आले आणि दारातून म्हणाले, "सांगलीला कवा जायाचं?"

सुलाबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या. त्यांचा वकील पुतण्या शेजारी बसला होता आणि जमीन मोकळी करून घ्यायचा त्याचा विचार स्पष्ट दिसत होता. मी चूक कबूल केली. बाई म्हणाल्या, "तुमी लिहिनार, आन तुमीच वाचलं न्हाई व्हय?"

"न्हाई वाचलं, बाईसाहेब."

"मला वाचता येत न्हाई. माझ्या दिरांनी असाच एका कागदावर माझा अंगठा घेतला, आन मळा गेला. आता ह्यो कागद वाचून दावा. समदा."

मी वाचू लागलो. इमारत फुकट त्यांच्याकडे जाण्याचे कलम आले, तेव्हा बादशहांनी खालून माझा पाय दाबला. मी ते कलम वाचले, आणि त्याचा अर्थही साध्या भाषेत सांगितला. पुतण्या हसला. बाई त्याच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तू हे वर्सभर माझ्यापाशी हायस. ह्ये कलम तू मला कवा सांगितलंस?" तो समोरचे कागद आवरू लागला.

परतीच्या एस.टी.त बादशहा म्हणाले, "ते कलम गाळलं असतंस तर?"

मी म्हणालो, "एकदा न वाचता लिहून बसलो, तर ही पाळी आली. आता गाळून कसं चालंल?"  तासगाव रस्त्याचा फाटा मागे पडल्यावर त्यांनी खिशातून विडी काढली व मला दिली.

सुलाबाई स्वतः कराडला आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या तोट्याचं कलम तुमी वाचून दावलं, म्हनून नवा पट्टा देते." नवा पट्टा सन १९७३ पासून नव्व्याण्णव वर्षांचा, भाडे वाढवून, फुकट इमारत जाण्याचे कलम काढून, रीतसर नोंदला आहे. मसुदा मी केला. अंगठा देण्यापूर्वी बाईंनी तो माझ्याकडून आणि दुसऱ्या एका लिहिणाऱ्याकडून, असा दोनदा वाचून घेतला. मला त्याचा मुळीच राग आला नाही. बाई सन १९७५ मध्ये वारल्या.

४. ब्लॉक साळूबाईने हयातभर वापरावा, तिच्यामागे तो पूर्णपणे बनूचा. सोसायटीत वारस म्हणून नाव लागले की मालकी मिळाली, असे समजू नये. हे मृत्युपत्र दाखवून नोंद करून घ्यावी. माझ्या मृत्यूची लेखी खबर जमीनमालकांस, म्हणजे सुलाबाईंच्या वारसांस, तीन महिन्यांत द्यावी, तशी पट्ट्यात अट आहे. जमिनीचे भाडे दर जानेवारीत मनिऑर्डरने पाठवावे आणि पोच जपावी. ब्लॉक पुढे कोणी विकलाच, तर घेणाऱ्यास नवा पट्टा हातात देऊन, पट्टा कोणत्या साली सुरू झाला ते तोंडी सांगावे.

५. तो कंत्राटदार अजून बाजारात नमस्कार करतो. मी परत केलेला नाही, करणारही नाही. हा राग मी कोणाच्या नावे करीत नाही. मुलांनी त्याच्याशी खुशाल बोलावे.

६. माझी लिहिण्याची, उतरत्या झाकणाची पेटी बादशहांची मुलगी शमशाद हिला द्यावी. ती बायकांचे अर्ज लिहून देते आणि शेवटची ओळ वाचल्याखेरीज सही करू देत नाही.

७. मृत्युपत्राची अंमलबजावणी बादशहा इमाम मुल्ला यांनी करावी. विचारायला गेलो तेव्हा म्हणाले, "आधी तू जानार ह्ये कुनी ठरवलं रं?" मुद्दा बरोबर आहे. ते नसल्यास ते काम शमशादने करावे.

८. बनूचा नवरा कधी येथे आला व हक्क सांगू लागला, तर त्याला या ब्लॉकमध्ये काहीही हक्क नाही. बनूला त्याच्याशी समेट करायचा असेल तर तिने करावा, नसेल तर करू नये. दोन्ही वेळा घर तिचेच राहील. मी तिला सासरी परत जा म्हणून तीनदा सांगितले होते, ते चुकले. तोंडाने कधी म्हणता आले नाही, म्हणून येथे लिहिले.

वरील मजकूर मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष मी सही केली. त्यांनीही माझ्या समक्ष सह्या केल्या.

सही: आकाराम केरबा वीरकर

साक्षीदार:
१. जोतिबा सखाराम पिसाळ, निवृत्त पोस्टमास्तर, कराड
२. गुंडा बाबाजी यादव, शिक्षक, कराड

स्थळ: कराड
दिनांक: १४ नोव्हेंबर १९७७