सुरुंगात पडलेल्या भिंतीची वाटणी

मी, वरच्या आळीची टेलरबाई, वय सत्तरीच्या पुढे (नेमके विचारू नये), पूर्ण शुद्धीवर असून हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांच्या डोक्याचा दाखला मी मागितला नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही, आणि तसे करू धजेल असा माणूस या गावात अजून जन्माला यायचा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी मरायचा विचार नव्हता. पण परवा डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली, आणि मला एकदम "आजी" म्हणाले. एरवी ते मला "अहो टेलरबाई, पँटची चेन कधी देताय?" असे विचारतात. तेव्हा मी तडक वकिलांना बोलावून घेतले.

कलमांआधी थोडी हकीकत सांगणे भाग आहे. मृत्युपत्रात हकीकत सांगायची नसते, असे वकिलांचे म्हणणे. त्यांनी स्वतःच्या मृत्युपत्रात सांगू नये.

आमचे घर एक, पण बिऱ्हाडे दोन. उगवतीकडचे माझ्या धाकट्या जावेचे, मावळतीकडचे माझे. आमचे नवरे सख्खे भाऊ. त्यांनी तोंडी वाटणी केली आणि घराच्या मधोमध भिंत घातली. कागद केला नाही. "भावाभावांत कागद कशाला?" म्हणाले, आणि यथावकाश दोघेही भिंत आमच्या गळ्यात मारून निघून गेले. दप्तरी अख्खे घर थोरल्याच्या नावावर, म्हणजे आता माझ्या. जावेला मूलबाळ नाही. तिच्या अर्ध्या घराचा पुरावा म्हणून काय होते, तर ती भिंत. आणि ती भिंत सुरुंगात पडली.

सुरुंग म्हणजे काय हेही सांगते, कारण वाचणारा परगावचा असेल तर त्याचा घोटाळा होईल. आमच्या भागात जमीन हलत नाही. भूकंप हा शब्द आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचून तिथेच सोडला होता. आमच्याकडे भांडी वाजली, काच तडकली, पाळण्यातले मूल दचकले की ते टेकडीमागच्या दगडाच्या खाणीतल्या सुरुंगामुळे. खाणवाला आमच्या शिव्यांचा हक्काचा धनी होता. त्या दुपारी जमीन हलली, माझ्या फळीवरची दोऱ्याची रिळे घरंगळत पार उंबऱ्याबाहेर गेली आणि इस्त्री धाडकन खाली आली, तेव्हा मी कात्री हातात तशीच घेऊन रस्त्यावर धावले. "मेल्याने आज अर्धी टेकडीच उडवली! चला, आज सोक्षमोक्ष लावू!" असे ओरडले. गावाचा घसा आधीच खाणीच्या धुळीने भरलेला. सगळे निघाले. ज्यांना भांडायचे नव्हते ते भांडण बघायला निघाले, आणि पोरांना घरी ठेवून एवढी मजा कोण सोडणार, म्हणून पोरेही निघाली.

निघताना मी मधल्या भिंतीला ऐकवले, "ज्यांना यायचं त्यांनी यावं." जावेशी माझे थेट बोलणे नव्हते, जे काय ते भिंतीमार्फत. पलीकडून भिंतीनेच उत्तर दिले, "ज्या मोर्चात काही माणसं पुढे असतात, तिथे काही माणसं जात नसतात."

हे भांडण कशावरून, तर कोटावरून. माझ्या मुलाच्या लग्नाचा कोट मी शिवला आणि काजे करायला तिला दिली. तिच्याइतकी सुबक काजे पंचक्रोशीत कोणी करत नाही, हे मी इथे पहिल्यांदा आणि शेवटचे लिहिते. पण त्या कोटाची काजे सैल झाली आणि ऐन फोटोत नवरदेवाची बटणे सुटली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही बटणं बारीक आणलीत." तेवढ्यावर भिंतीचा दोन्ही बाजूंनी वापर सुरू झाला.

तर आम्ही खाणीवर पोचलो. खाणवाला खाटेवर पाय पसरून कलिंगड खात होता.

"बाई, आज सुट्टी आहे," तो म्हणाला. "मशीनसुद्धा बंद आहे. बघा की!"

"सुट्टीच्या दिवशी सुरुंग लावतोस? लाज नाही वाटत?"

"अहो, मी कशाला लावू? मलाही हादरा बसला!"

तेवढ्यात मोठा हादरा आला. आम्ही सगळे आडवे झालो, तो झाला, खाट झाली, कलिंगड उतारावरून गडगडत गेले. आणि मागून न्हावी ओरडला, "बघा, बघा! आता तर आपल्यादेखत लावला!"

मग आम्ही गावाकडे वळून पाहिले. गावाच्या जागी नुसती धूळ उभी होती. त्यानंतर कोणी खाणवाल्याचे नाव घेतले नाही. सगळे पळत सुटलो, तोही आमच्याबरोबर.

पुढे शहरातून माणसे आली, शाळेच्या आवारात हादरे मोजायचे यंत्र बसवून गेली, आणि माझ्यामुळे गाव वाचले म्हणून माझ्या गळ्यात हार पडला. मला काही कळले होते अशातला भाग नाही, मी भांडायला निघाले होते. आणि सगळे वाचलेही नाहीत. अर्ध्या गावाची घरे बांधणारे म्हातारे गवंडीकाका अंथरुणाला खिळलेले होते. ते स्वतःच बांधलेल्या छपराखाली गेले. त्यांना कोणी उचलून आणावे हे मला मोर्चाच्या घाईत सुचले नाही, कोणालाच सुचले नाही. त्याचे मला फार वाईट वाटते.

आमच्या घराचे मी पाहिले ते असे: माझी बाजू अर्धी उभी, आणि मधली भिंत जावेच्या बाजूवर आडवी. मी दगडांवर बसून हाका मारल्या. "अगं बाई, ऐकतेस का? ओ दे गं. माझी शहाणी ती, ओ दे." काही नाही. न्हाव्याने टोपी काढली. तेव्हा माझे डोके फिरले. मी किंचाळले, "मेले, काजं मोठी केलीस तूच! भर मांडवात माझ्या पोराचा कोट उघडा पाडलास!"

आणि खालून आवाज आला, "बटणं बारीक आणलीस तू! आणि तुझ्या डाव्या बाह्या जन्मभर आखूड!"

मग लोकांनी त्या आवाजाच्या रोखाने दगड काढायला घेतले. आवाज चालू राहावा म्हणून मी भांडण चालू ठेवले. सासूबाईंची पैठणी, विहिरीचा दोर, तिच्या भावाचे दात, काही म्हणजे काही बाकी ठेवले नाही. ती एकेकाचा हिशेब चुकता करत होती. खाणवाल्याने मशीन आणून तुळई उचलली आणि ती बाहेर आली, उजवा हात मोडलेला, तोंडात वाक्य अर्धे. बाहेर येऊन तिने ते पूर्ण केले.

नंतर मी विचारले, "आधी गोड हाका मारल्या तेव्हा ओ का नाही दिलीस?" तर म्हणते, "मला वाटलं, दुसरंच कोणीतरी दुसऱ्याच कुणालातरी बोलावतंय. तुम्ही मला अशी हाक कधी मारली होतीत?"

पुढे पंचनाम्याचे साहेब आले. घर कशाने पडले, असे त्यांनी विचारले, तर सगळ्या गावाने सांगितले, सुरुंगाने. त्यांनी तसेच लिहिले आणि आमचे कागद खाण खात्यात जाऊन बसले. ते परत आले, पण दुसरी ओळ तशीच राहिली: घर एक, मालक एक. म्हणून सरकारची पत्र्याची शेडही एकच मिळाली. तीत आम्ही दोघी राहतो. आणि माझा मुलगा येऊन म्हणाला, "आई, भिंतच पडली, आता वाटणी कसली? काकूला तिच्या भावाकडे पाठवू आणि सलग बांधू." पोरगा वाईट नाही, पण सलग बोलतो. जाऊ कोपऱ्यात डाव्या हाताने सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही. जिने ढिगाऱ्याखालून माझ्या बाह्या काढल्या, ती गप्प बसली. मला ते सहन झाले नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम पहिले. घराची उगवतीकडची अर्धी बाजू, जमिनीसह, माझ्या धाकट्या जावेची आहे. मी ती देत नाही, ती तिचीच होती. मी फक्त लिहून ठेवते. ती असेतो तिला तिथून कोणी हलवू नये, आणि ती कोणाला देईल तो तिचा प्रश्न.

कलम दुसरे. मावळतीची बाजू मुलाची. त्याने "सलग" हा शब्द माझ्या पश्चात घरात उच्चारू नये.

कलम तिसरे. शिलाई मशीन सुनेला. ती सरळ शिवते आणि कमी बोलते. पहिला गुण तिने जपावा.

कलम चौथे. मोठी कात्री जावेला. तिचा डोळा त्या कात्रीवर लग्नापासून आहे, मला माहीत आहे.

कलम पाचवे. खाणवाल्याविरुद्धच्या माझ्या सगळ्या तक्रारी मी मागे घेते, धुळीची सोडून. सुट्टीच्या दिवशी सुरुंग लावल्याचा आरोपही मागे घेते. न्हावी मात्र अजून ठाम आहे.

कलम सहावे, भिंतीबाबत. भिंत पुन्हा बांधावी, होती तिथेच. मला वाटले होते नको, पण जाऊ म्हणाली, "भिंत हवीच. तुमचं तोंड रोज कोण बघणार?" मात्र ती पातळ असावी, पलीकडचे बोलणे स्पष्ट ऐकू येईल इतपत. सुनेने रोज सकाळी माझ्या बाजूने भिंतीला काहीतरी टोचून बोलावे. काजांपासून सुरुवात करावी. उत्तर आले तर चहा ठेवावा. उत्तर आले नाही तर तडक पलीकडे जाऊन बघावे.

कलम सातवे. हे कायद्यात बसत नाही म्हणतात, तरी लिहा. जाऊ मला लग्नापासून "तुम्ही" म्हणत आली. भांडतानासुद्धा अहो-जाहो करून भांडली. ढिगाऱ्याखालून मात्र तिने मला "तू" म्हटले. बाहेर आली, हात बांधून झाला, आणि पुन्हा "तुम्ही" सुरू. त्या "तू"ची मला फार आठवण येते. मी थोरली आहे, मागून घेणार नाही. फक्त नोंद असावी.

वरील सर्व मला वाचून दाखवले, मी त्यात दोन ठिकाणी वकिलांचे शुद्धलेखन सुधारले, आणि राजीखुशीने सही केली.

(सही) टेलरबाई

साक्षीदार:
१. (सही) खाणवाला. आज सुट्टी आहे, हे साक्षीदाराने आग्रहाने लिहायला लावले.
२. (सही) न्हावी

ठिकाण: पत्र्याची शेड, पडलेल्या घराचे अंगण
दिनांक: सुरुंगानंतरचे दुसरे वर्ष, पेरणीआधी. खरी तारीख वकील वर घालतील.

(जिला मिळकत मिळायची तिने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे सांगूनही जावेने कागद ओढून घेतला व डाव्या हाताने पुढील मजकूर लिहिला. – वकील)

मी साक्षीदार नाही. सगळं ऐकलं. बटणं बारीकच होती. कात्री मला आत्ता नको, तुझ्या हातातच बरी दिसते. आणि भिंत अजून बांधायची आहे, तू एवढ्यात कुठे चाललीस?