पाचव्या गोळ्याची साक्ष

मनकर्णे, पाचवा गोळा मी घेतला होता. गोळ्याच्या बाहेरून, पाणी उडवत, पुरा घेतला होता. तू त्या वक्ताले संत्र्याच्या फोडीचे धागे काढत बसली होती, आणि वहीत ‘चार’ लिहून मोकळी झाली. दिवाळीपासून हे माह्या पोटात बसून आहे, म्हणून आधी लिहिलं. आता रीतीचं लिहिते.

सौ. मनकर्णाबाई, मुक्काम अकोला, यांस अमरावतीहून थोरली बहीण जाईबाईचा आशीर्वाद. तुह्या घरच्यायची साखर कशी आहे? नळ किती दिवसाआड येऊन राहिले? तुह्यी सून मोनाली जेवताना तरी मोबाईल खाली ठेवते का? आमी इकडे सारे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. बरं कोणीच नाही. तुह्या भाऊजीच्या मानेत पट्टा आहे, माह्या उजव्या खांद्यात जीव नाही, आणि हे पत्र मी डाव्या हातानं लिहून राहिली. चौथीपर्यंत शिकली तेव्हा उजव्या हातानंही अक्षर काही मोत्याचं नव्हतं, तवा नाक मुरडू नको.

तुले बोटीत बसवलं तेव्हा ओमप्रकाशजीनं सारं समजावलं होतं, पण तुह्यं ध्यान डब्याकडे होतं, म्हणून पुन्हा लिहिते. बोट पुढे पळते. मागे दोर. दोराची मूठ धरून मी एका फळीवर उभी. धरणाच्या पाण्यात सहा लाल गोळे बांधलेले आहेत, तीन इकडे, तीन तिकडे. बोट मधून सरळ जाते, आणि आपण इकडचा एक, तिकडचा एक, असे साही गोळे बाहेरून घेत जायचे. बोटीत एक माणूस मागे तोंड करून बसते. त्याचं काम एकच, पाहणं. मी पडली तं हात वर करणं, आणि गोळे मोजून वहीत लिहिणं. त्यानं जे पाहिलं नाही ते झालंच नाही. (असा कायदा आहे. मी नाही केला.)

माह्यं हे खूळ तुले माहीत आहे, पण सुरू कसं झालं ते तुले तुह्या भाऊजीनं उलटंच सांगितलं. मी धरणाच्या काठावर उकडलेले शिंगाडे विकत होती. शेंदूरजनाघाटचे ओमप्रकाशजी, संत्र्याचे व्यापारी, आपली बोट घेऊन दर रविवारी येत, आणि त्यायच्या वयाचे तीन-चार जण पाण्यात धपाधप पडत. मले हसू आलं. ते म्हणाले, “आजी, उभं राहून दाखवा.” मले आजी म्हणणारा माणूस माह्याहून दोन वर्षांनी मोठा! मी शिंगाड्याची टोपली झाकली, लुगड्याचा काष्टा आवळला आणि दुसऱ्या खेपेले उभी राहिली. डोंग्यात उभं राहून शिंगाडे तोडणाऱ्या भोयाच्या पोरीले पाण्यावर उभं राहायले कोण शिकवते? तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होती. पहिलं वर्ष दोन फळ्या, मग एक फळी, मग दोन गोळे, मग चार. आणि मग सात वर्षं चारच. पाय म्हणत पाच, कंबर म्हणे तीन, हिशोब होऊन चार निघत.

या दिवाळीत पाच झाले, आणि बोटीत होती तू.

मग मी ठरवलं की पुन्हा पाच करून दाखवीन, या बार डोळे उघडे असलेल्या माणसासमोर. तुह्या भाऊजीले बसवलं. या माणसानं घरात चाळीस वर्षं माह्याकडे मान वर करून पाहिलं नाही, बोटीत मात्र टक लावून पाहे. मले बरं वाटायले लागलं होतं (हे त्यायले सांगू नको). पण तिसऱ्या रविवारी त्यायची मान मागे वळली ती तिकडेच राहिली. अमरावतीपर्यंत गाडीत मागचा रस्ता पाहत आले.

मग बडनेऱ्याचे नत्थुजी आणले. रेल्वेत गार्ड होते, सारा जन्म गाडीच्या शेपटीले बसून मागे पाहण्यात गेला. मी म्हटलं, यापेक्षा शिकलेलं माणूस मिळणार नाही. पण नोकरीतलं खरं आता कळलं. मागे तोंड करून बसवलं आणि खालून हलवलं, की त्यायले झोप लागते. मी तिसऱ्या गोळ्यापाशी पडली. बोट तशीच पुढे. पार टोकाले गेल्यावर ओमप्रकाशजीनं वळून पाहिलं तं दोराच्या शेवटी मूठ एकटीच नाचत होती. मी तेवढ्या वेळात तरंगत आपल्या घरातल्या साऱ्या माणसायले एकेक करून शिव्या दिल्या. तुह्या नावापाशी दोनदा थांबली.

शेवटी माह्यी धाकटी जाऊ बेबीताई तयार झाली. तिले सारं शिकवलं. मी डोक्यावर हात ठेवला की समजायचं, जाई दमली, काठावर न्या म्हणते. तिनं मान हलवली. निघालो. चौथ्या गोळ्याले वळताना खांद्यात कडकन झालं. मी डोक्यावर हात ठेवला. आणि माय, त्याच वक्ताले काठावर तुह्या भाऊजीचे थोरले भाऊ, आमचे भासरे, काठी टेकत उभे! पुतण्यासंगं धरण पाहायले आले होते. बेबीताईले वाटलं, भासरे आले, पदर घे, असं जाई सांगून राहिली. तिनं नाकापर्यंत पदर ओढला, काठाकडे पाठ केली आणि खाली मान घालून बसली. मी हात ठेवते डोक्यावर, ती आणखी पदर ओढते. मी जोरानं हात आपटते, ती आणखी वाकते. बोटीनं असे दोन फेरे केले. (भासऱ्यायले हे सारं लई आवडलं. म्हणाले, सुना पाण्यातही मर्यादा पाळतात.)

तू म्हणशीन, दोर काऊन सोडून दिला नाही? अव, चार झाले होते. पाचवा समोर होता.

नाही मिळाला. दोन्ही फेऱ्यात निसटला.

आपल्या मायाताईचा संघपाल आता हाडाचा डॉक्टर आहे. त्यानं फोटो काढला, उजेडाले धरला आणि म्हणाला, मावशी, खांद्यातली नस तुटली, दोर आता जन्मात धरायचा नाही. मी विचारलं, एकच बार? त्यानं पट्टा आणखी आवळला. घरी आली तं सून रागिणीनं माह्या फळीवर कोरफडीच्या कुंड्या मांडल्या होत्या. छान दिसतात म्हणते. दिसतात खऱ्या, त्याचंच जास्त वाईट वाटते. रविवार आला की मी पाटावर बसते आणि वाटाणे सोलते. सोललेले वाटाणे पुरे दिसत नाहीत म्हणून आणखी सोलते.

बाकी त्या गोळ्याचं मले काही नाही. पाच काय, चार काय, पाणी तं तेच आहे. घरच्यायले जप. डावा हात दुखायले लागला, येथे थांबते.

जाईबाई

ता. क. गोळ्याचं काही नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. ओमप्रकाशजी म्हणतात, पाहणाऱ्यानं आपल्या हातानं सहीनिशी लिहून दिलं तं वहीतला आकडा बदलीन, नाही तं चारच राहीन. आता मी पुन्हा पाण्यात जाणार नाही, तवा जे झालं तेवढंच आहे.

ता. क. दुसरा. तू नऊ वर्षांची होती तेव्हा बाबा म्हणाले होते, जी एकटी डोंगा तळ्यापार नेईन तिले शिंगाडे तोडायले संगं नेऊ. तू नेला. बाबानं मले विचारलं, मी म्हटलं मले दिसलं नाही, मी पायातला काटा काढत होती. काटा नव्हता. मी काठावर उभी राहून पाहिलं, पहिल्या वल्ह्यापासून चिखलात पाय ठेवेपर्यंत. त्या साली मी गेली, तू घरी राहिली. साठ वर्षं झाली. मनकर्णानं डोंगा पार नेला होता, हे मी सहीनिशी लिहून देते. जाईबाई. म्हणूनच मले माहीत आहे, संत्र्याचे धागे काढणाऱ्या बाईचे डोळे कुठे असतात.

आता तुह्यी पाळी. उत्तर तूच लिहायचं, तुह्याच हातानं. मोनालीनं फोन करू नये. ती बोटीत नव्हती.