फ्रॉस्टच्या आधी पिकणारं वाण

सर, वाण काढलं. हळवं. इथे मिशिगनमध्ये ऑक्टोबर लागला की कधीही फ्रॉस्ट, म्हणजे गोठवणारं दंव, पडतो आणि एका रात्रीत बाग काळी होते. माझं वाण त्याच्या कितीतरी आधी, ऑगस्ट संपता संपता कापणीला येतं. सप्टेंबरच्या भिजक्या हवेची वाटच बघत नाही, त्यामुळे बुरशीला सापडत नाही. आणि बी पेरलं की सगळी झाडं सारखी येतात, एकही वेगळं निघत नाही. हे शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा वाचणार, मला माहीत आहे. आता पीक कुठलं ते सांगते, खुर्चीत नीट बसा. गांजा. चष्मा काढून असं बघू नका. इथे तो घरी लावायला कायद्याने परवानगी आहे. एका घराला बारा झाडं, रस्त्यावरून दिसता कामा नयेत, दाराला कुलूप हवं. मी सगळं पाळते. नोव्हाय गावातल्या आमच्या घरामागे माणूसभर उंचीचं लाकडी कुंपण आहे, त्याला कुलूप आहे, आणि त्याची किल्ली नवऱ्याच्या गाडीच्या किल्लीशेजारी लटकते. पोलिसांना नाही, सर, मी फक्त तुम्हालाच घाबरत होते.

कृषी कॉलेजच्या प्रक्षेत्रावरची ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. आम्ही मुली लाकडी पाटांवर बसलोय, समोर कुंड्यांत फुलोऱ्यातलं भात. तुम्ही प्रत्येकीच्या हातात चिमटा देताय. भाताचं फूल केवढं, त्याचं टोक कातरायचं आणि आतले सहाच्या सहा परागकोश ओढून काढायचे. "सहा म्हणजे सहा," तुम्ही सांगताय, "पाच काढलेस तर ते फूल स्वतःचं लग्न स्वतःशी लावून मोकळं होतं." मी शेजारणीशी कुजबुजते आणि मागून आवाज येतो, "तोंड बंद. तुमच्या श्वासाने पराग उडतो आणि पाच वर्षांनी मी कपाळाला हात लावतो." तुम्हाला हळवं भात काढायचं होतं. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पाणी ठरत नाही, तिथे उशिरा पिकणारं गरवं भात दाणा भरायच्या आत वाळून जातं, म्हणून लवकर पिकणारं. प्रत्येक ओळीचा मूठभर तांदूळ तुम्ही लॅबमधल्या स्टोव्हवर शिजवायचात आणि आम्हाला नुसता खायला लावायचात, मीठसुद्धा नाही. चव न बघता वाण पास करणारा माणूस आणि घर न बघता मुलगी देणारा बाप, दोघांनाही तुम्ही एकाच मापाने मोजायचात.

माझ्या बापाने घर बघितलं होतं, सर. मुलगा इंजिनियर, डेट्रॉइटला गाड्यांच्या कंपनीत. मी तुमच्या हाताखाली पीएचडीला नाव घातलं होतं, तुमच्या भाताची दुसरी पिढी शेतात उभी होती, आणि मी पेढे घेऊन तुमच्या केबिनमध्ये आले. तुम्ही पेढा हातात घेतलात, खाल्ला नाहीत. म्हणालात, "दुसऱ्या पिढीत शेत नांगरून टाकणं म्हणतात याला." मी मान खाली घालून उभी. मग तुम्ही ड्रॉवर उघडलात आणि तुमचा स्वतःचा चिमटा, तो बारीक टोकाचा, ज्याला हात लावायचीही आम्हाला मुभा नव्हती, माझ्यासमोर ठेवलात. "घेऊन जा. आणि कधी काही लावलंस तर एवढं लक्षात ठेव, पहिल्या पिढीवर निकाल द्यायचा नाही." त्यानंतर आपण कधी बोललो नाही. तुमचं भात शेवटपर्यंत नुसत्या नंबराने ओळखलं गेलं, त्याला मान्यता मिळाली नाही, नाव मिळालं नाही. तुम्ही रिटायर झालात, मग गेलात, आणि हे सगळं मला पुष्कळ उशिरा एका वर्गमैत्रिणीकडून फोनवर कळलं. मी स्वयंपाकघरात उभी होते. त्या दिवशी मला रडू आलं नाही, राग आला. तुमचा, माझा, पेढ्यांचा, सगळ्यांचाच.

चिमट्याने मी इथे काय केलं ते ऐका. मुलीच्या बोटातली कुसळं काढली, माशाचे काटे काढले, एकदा सिंकमध्ये पडलेली कुडी काढली. नोकरी केली ती पार्ट्स कंपनीच्या पर्चेसिंगमध्ये, बोल्ट आणि गास्केटं. पण हात काही गप्प बसत नव्हते. खिडकीत तुळस, तळघरात दिव्याखाली कढीपत्ता, गवती चहाचे ठोंब, पानओव्याच्या फांद्या ग्लासात मुळं फुटायला ठेवलेल्या. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुठल्याही घरी जा, खिडकीत माझं काहीतरी असतंच. लोक म्हणायचे, तुमच्या हाताला गुण आहे. गुण कसला डोंबलाचा, मी शिकले होते ते.

मी रिटायर झाले त्या वसंतात मुलगी गांजाच्या बियांची एक छोटीशी डबी घेऊन आली. ती इथेच जन्मली, झाडांशी तिचा संबंध सॅलडपुरता. "आई, यू ग्रो एव्हरीथिंग. ग्रो धिस," म्हणाली. तिने थट्टाच केली होती. मी लावलं. झाड असं वाढलं की कुंपणावरून डोकावायला लागलं, मला वाकवून बांधावं लागलं. आणि वास काय सांगू, लिंबाची साल आणि ओली माती एकत्र. पण फुलोरा धरेपर्यंत ऑगस्ट उलटून गेला, सप्टेंबरभर पाऊस, आणि एका सकाळी बघते तर सगळ्यात भरलेलं बोंड हाताला मऊ लागलं. आत करडी बुरशी. आठवड्यात जवळजवळ सगळं झाड गेलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना यार, इथलं वेदरच असं आहे. सगळ्यांचं जातं." वेदर? मी त्याच्याकडे बघतच राहिले. हे गरवं वाण आहे हो, हळव्याच्या जमिनीत लावलंय, यात वेदरचा काय दोष. कुणीतरी हळवं काढायला हवं. आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, सर, की हे मी बोलत नाहीये, तुम्ही बोलताय.

त्या वासाच्या झाडाच्या खालच्या दोन फांद्या अजून चांगल्या होत्या. त्या छाटून त्यांना मुळं फुटवली आणि तळघरात आई म्हणून ठेवली. बाप शोधला तो एक कुरूप, गुडघ्याएवढा प्रकार. वास नाही, भार नाही, पण एक गुण असा की दिवस लहान व्हायची वाट बघत नाही, स्वतःचं वय झालं की फुलतो. या पिकात नर आणि मादी झाडंच वेगळी असतात, सर. सहा परागकोश उपटायची भानगडच नाही. पहिल्यांदा तर मला फसवणूक वाटली, इतकं सोपं. पण पराग उडतो तो उडतोच, म्हणून नराला वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या बाथरूममध्ये कोंडलं. नवऱ्याला तिकडे बंदी. वर जाऊन आले की कपडे बदलून मगच तळघरात. तुमच्या चिमट्याने पराग वाटीत झाडला, आईच्या एकाच फांदीला ब्रशने लावला आणि वर बेकिंगच्या कागदाची पिशवी बांधली. श्वास रोखून. तेवढ्यात नवरा जिन्यावरून विचारतो, "चहा टाकू का?" मी उत्तर दिलं नाही. तो अजून म्हणतो की त्या दिवशी मी विनाकारण रुसले होते.

पहिली पिढी आली ती सगळीच्या सगळी गरवी. एकही लवकर फुलेना. मुलगी म्हणाली, "आई, इट डिडन्ट वर्क." नवरा म्हणाला, "गेलं वर्ष वाया." आणि मी एकटी त्या झाडांमध्ये उभी राहून हसत होते. पहिल्या पिढीवर निकाल द्यायचा नाही. गुण लपलाय, गेलेला नाही. त्यांचा आपापसात संकर केला, दुसरी पिढी लावली. तुमच्याकडे एकरभर शेत होतं, माझ्याकडे बारा झाडांचा कायदा. त्यात आई धरून ठेवलेली, म्हणजे जागा आणखी कमी. पहिल्या खेपेला लवकर फुललेलं एकच निघालं, तेही मरतुकडं. दुसऱ्या खेपेला तीन, आणि त्यातल्या एका मादीला तो वास. लिंबाची साल आणि ओली माती. मी नवऱ्याला हाक मारली, तो टॉवेलातच धावत आला, त्याला वाटलं मी पडले. पडले नव्हते. मी दुसऱ्या पिढीत शेत नांगरलं नव्हतं, एवढंच त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि त्याला त्यातलं काहीही कळत नव्हतं.

पुढची वर्षं निवडीत गेली. हिवाळ्यात तळघरात दिव्याखाली, उन्हाळ्यात कुंपणाआड. औषध एक थेंब मारलं नाही, कारण हे शेवटी माणसाच्या पोटात जायचं. वाफ्याच्या कडेने शेपू आणि कोथिंबीर लावून मुद्दाम फुलू दिली, त्या फुलांवर येणारे किडे मावा खाऊन टाकतात. पानांवर पांढरी भुरी दिसली की पातळ आंबट ताक फवारलं. नवऱ्याची कढी दर आठवड्याला झाडांना जायची. खत म्हणाल तर चहाचा चोथा, भाज्यांची सालं आणि पलीकडच्या तबेल्यातलं कुजलेलं घोड्याचं शेण. मंडळात बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्या एक डॉक्टर काकू आहेत, उभा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल देण्यात गेला. त्यांनी गणपतीच्या जेवणात सगळ्यांसमोर मला सुनावलं, "अगं, शिकलीसवरलेली बाई तू, काय हे धंदे?" मी म्हटलं, "काकू, तुम्ही भूल दिलीत तेव्हा मी काही बोलले का?" सगळे हसले, त्या नाही हसल्या. दिवाळीला मात्र घरी आल्या, आधी कुंपणाकडे बघितलं आणि मग हळूच म्हणाल्या, "ते गुडघ्याला लावायचं तेल करतेस म्हणे." बाटली दिली. आता रिकामी बाटली घेऊन स्वतःच येतात.

आणि आता गेल्या सप्टेंबरचं. गावाबाहेर एक म्हातारा अमेरिकन आहे, त्याची जुनी ग्रीनहाऊसं आहेत, घरी झाडं लावणाऱ्यांचा अड्डा त्याच्याकडे जमतो. वसंतात मी त्याला माझ्या बियांची पुडी दिली होती, काही न सांगता. त्याने ती स्वतःच्या वाणांशेजारी उघड्यावर लावली. सप्टेंबरात धो धो पाऊस झाला. त्याने फोन करून बोलावलं, मुलगी ड्राइव्ह करत होती. गेलो तर त्याच्या वाणांच्या रांगा करड्या पडलेल्या, पाच-सहा माणसं हातात सडकी बोंडं घेऊन उभी. आणि माझी रांग? नुसते छाटलेले बुडखे. महिन्यापूर्वीच कापून झाली होती, शेडमध्ये वाळून बरणीत बसली होती, एक बोंड खराब नाही. त्याने बरणी उघडली, वास घेतला, पुढच्याला दिली. बरणी हातोहात फिरली. मग त्याने विचारलं, "हू ब्रेड धिस?" इतकी वर्षं या देशात मी स्वतःची ओळख डिपेंडंट, कुणाची बायको, पर्चेसिंग, अशीच करून देत आले. तेवढ्यात माझ्या शेजारून, अगदी सहज, मुलीचा आवाज आला, "माय मदर डिड. शी इज अ प्लांट ब्रीडर."

मी रडले नाही हं. मान ताठ केली. म्हाताऱ्याने टोपी काढली आणि विचारलं, कुठे शिकलीस. मी म्हटलं, भातावर. त्याला नीट कळलं नसेल, पण त्याने मान डोलावली. परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "आई, त्या चिमट्यावाल्या सरांबद्दल सांग ना." मराठीत म्हणाली. घरी पोचेपर्यंत मी तुमच्याबद्दल बोलत होते, आणि गॅरेजमध्ये गाडी बंद केल्यावरही ती उतरली नाही.

चव बघितली का, असं तुम्ही विचारालच. बघितली. तुमचा नियम आहे, मोडते कशी. लोण्यात उतरवून पोळीला लावून खाल्लं, चिमूटभर. तासाभराने मी आणि नवरा हवामानाच्या बातम्यांना इतकं हसलो की डोळ्यातून पाणी आलं, आणि मंडळासाठी केलेला चकल्यांचा डबा संपला. वाण पास.

हे पत्र तुमच्या मुलाच्या पत्त्यावर पाठवावं असं मनात होतं. पाठवणार नाही, कारण एक गोष्ट मी तुम्हाला न विचारता करून बसले आहे. त्या म्हाताऱ्याने बियांच्या पुड्या वाटायला घेतल्या तेव्हा विचारलं की ब्रीडर म्हणून काय लिहू. इथे ते लिहितात, पुडीवर, वाणाच्या खाली. मी म्हटलं, दोन नावं लिही. दुसरं माझं. पहिलं तुमचं आहे, सर. गांजाच्या पुडीवर, ठळक अक्षरात, आणि स्पेलिंग मी स्वतः तपासलंय.