पाच किलोचं वजन

रविवार, ९ मार्च, दुपार

प्रिय दादास,

नमस्कार. वहिनीलाही नमस्कार, छकुलीला एक पापा, आणि तिने काढलेला हत्ती भिंतीवर लावलाय म्हणून सांग.

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. उत्तर लिहायला रोज बसते आणि रोज काहीतरी निघतं. काल कागद आणायला गेले, तर दुकानाशेजारी एक माणूस पिंपातले जिवंत मासे मोजत होता. मासे हलायचे आणि तो परत एकपासून सुरू करायचा. तेच बघत उभी राहिले. तू म्हणशील, भिंगरीचं हे नेहमीचंच. पण या वेळी कारण तेवढंच नाही.

हल्ली काय शिकतेस, असं विचारलंस. वजनकाट्यांची दुरुस्ती. बेकरी सोडली, त्याआधी छापखाना सोडला, हे मात्र सात महिने टिकलंय. वहिनीला सांग, ती पैज हरली.

दुकान नानांचं. वय चौसष्ट, त्यातली चाळीस वर्षं दुकानदारांचे तराजू दुरुस्त करण्यात गेली. पारड्याखाली करंगळी धरून सांगतात, "ही बाजू रुसलीये." आता सगळीकडे बटणांचे काटे आले आणि नियम निघाला, की ते दुरुस्त करायचे तर परीक्षा पास व्हा. मी म्हटलं, नाना, पुरे झालं, आता आराम करा. तर म्हणाले, "आराम मेल्यावर आहेच. दोनशे पानी वही आण."

आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग. नाना पहिल्या बाकावर. नातवंडांच्या वयाची पोरं मागून म्हणायची, "आजोबा, कॉपी देणार का?" नाना म्हणायचे, "आधी माझं अक्षर लागू दे तुला." दुसऱ्या दिवशी दुकानात ते मला सगळं परत समजवायचे. छकुलीला पहिल्यांदा बुटाची नाडी बांधता आली तेव्हाचा तिचा चेहरा तू लिहिला होतास ना, तसाच नानांचा व्हायचा.

मग त्यांचा गुडघा सुजला. तीन आठवडे घरी. वर्गातले सर मला म्हणाले, त्यांच्या जागी तू बस, टिपणं काढ.

मधे उठून चहा करून आले. आता लिहूनच टाकते.

सहापैकी चार संध्याकाळी गेले. दोनदा नाही गेले. गोदीत एका जहाजाला रंग देत होते. माणसं दोरीला लटकलेली आणि खालून एक जण ओरडून सांगत होता कुठे राहिलंय. वर्गाची वेळ कधी टळली कळलंच नाही. वहीची पानं कोरी कशी द्यायची? म्हणून मनाने भरली. नाना जुन्या तराजूचं करतात तेच आठवून लिहिलं: आधी वजन ठेवा, मग बटण दाबा. छान अक्षरात, खाली दुहेरी रेघ.

नानांनी ते पाठ केलं. आमच्याकडे बटणांचा काटा नाही. वर्गातल्या एकुलत्या एका काट्याला परीक्षेच्या दिवशीच हात लावायचा.

त्यांनी पाच किलोचं वजन ठेवलं, मग बटण दाबलं. असा काटा सुरू होताना वर जे असेल त्यालाच रिकामं समजतो, हे मला आता कळलंय. काट्यावर शून्य. बंद करून परत केलं. शून्य. तिसऱ्यांदाही शून्य. परीक्षक म्हणाले, "आजोबा, या वयात कशाला त्रास करून घेता?" मी खिडकीबाहेर उभी होते.

घरी येताना नाना एवढंच म्हणाले, "डोक्यात शिरत नाही पोरी आता. उगाच हट्ट केला."

"चूक काय झाली, विचारलंत का?"

"लाज वाटली."

वही रद्दीवर टाकली त्यांनी. फेरपरीक्षेच्या अर्जाचा उद्या शेवटचा दिवस आहे आणि ते अर्ज भरणार नाहीत. आठ दिवस मी रोज सांगायचं म्हणून तोंड उघडते आणि विचारते, "चहा ठेवू?" ते म्हणतात, "ठेव." मग बाकड्यावर बसून रस्ता बघत राहतात.

मी शाळा सोडली तेव्हा तुला म्हणाले होते, एकदा शिकून झालं की मजा संपते. खोटं होतं ते, दादा. माझं कुठलंच शिकून झालेलं नाही. अवघड लागायला लागलं की मी उठते. नाना तिथेच बसून राहायचे. आणि मी त्यांनाच उठवलं.

माझ्या जागी तू काय केलं असतंस? तुझं उत्तर यायला चार दिवस लागतील, म्हणजे विचारून उपयोग नाही. तरी विचारते.

थांब. जिन्यात कुणीतरी आहे. एक पायरी, मग काठीचा आवाज, मग बराच वेळ काही नाही.

नाना आलेत. तो गुडघा घेऊन तीन मजले चढून. माझ्या खोलीवर ते कधीच आले नव्हते. दाराजवळच्या खाटेवर बसलेत, धाप लागलीय. पाणी दिलं. काखेत ती वही आहे. मी कागद लपवायला गेले तर म्हणाले, "भावाला लिहितेस? लिही, पुरं कर, अर्धवट सोडू नकोस. मला एकच शंका आहे. मी थांबतो."

वही उघडलीय त्यांनी. बोट त्या दुहेरी रेघेवर आहे.

तुझी,
अजून तरी जागेवरून न उठलेली
भिंगरी