कोरड्या हवेतली काच

१४ ऑक्टोबर १९७२, नगर
सहावी काच उतरली. पाण्यासारखी आरपार. आधीच्या पाच काचांसोबत बरणीत ठेवली. भट्टीपाशी बसून बसून हे वाळलेत. काच ह्यांनी इथे करायची, तिच्यातून उजेड कसा वळतो ते प्रागच्या प्राध्यापकांनी मोजायचं. दोन वर्षांची पत्रं आता कुठे पार्सलपर्यंत आली.

१६ ऑक्टो., खंडेनवमी
ह्यांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा. हे नेमके पुण्याला. शिपाई सखाराम म्हणाला, "बाई, सायबांची खरी हत्यारं तर त्या बरनीत हायेत." पटलं. साही काचांना ओलं हळदकुंकू, फूल. संध्याकाळी डाग राहू नयेत म्हणून धुतल्या. टँकरचं अर्धा तांब्या पाणी गेलं. पुसून परत बरणीत.

१९ ऑक्टो.
साही धुरकटल्या. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारख्या. हे एकेक खिडकीशी धरून बघत राहिले. "मिश्रणच चुकलं गं माझं."
सहज विचारावं तसं विचारलं, हिला पाणी चालत नाही का?
"पाणी? वैरी तिचा. म्हणून तर बरणी बंद."
सांगायला तोंड उघडलं. चहा टाकते म्हटलं.

२१ ऑक्टो.
सकाळी सखाराम दारात. "बाई, काचा धुताना आपन दोघंच हुतो. सायेब मला काडतील का वो?"
"तुझं नाव नाही घेणार."
म्हणजे माझंही नाही, असं समजून तो गेला. मी तसं म्हटलं नव्हतं. की म्हटलं...

२५ ऑक्टो.
काचा तशाच प्रागला पाठवल्या. ह्यांनी सोबत सगळं खरं लिहिलं. म्हणजे ह्यांना ठाऊक असलेलं.

६ डिसें.
प्रागचं पत्र. "अगं, ऐक तरी!" ताडून बघायला तिथे केलेली तशीच काच अजून स्वच्छ आहे. नगरच्या दुष्काळी हवेत, बंद बरणीत ती धुरकटते, हे नवीनच. प्राध्यापकांचं म्हणणं, दोघांच्या नावाने निबंध छापू. कित्येक महिन्यांनी ह्यांनी आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली.
वाढली.

९ डिसें.
निबंधाची स्वच्छ प्रत माझ्याकडे. "माझ्या अक्षराला छापखानेवाले शिव्या देतील. वही लिहिणारी लेखिका ना तू? हो पुढे."
दुपारी दुसऱ्या पानावर ते वाक्य आलं: काचांना कुठल्याही टप्प्यावर पाणी लागलेलं नाही.
अर्धं उतरवलंय. पेन उचलून ही वही ओढली.
बाहेरून विचारताहेत, "झालं का गं?"
पुन्हा विचारलं.