सरांच्या वाटणीचे पापड

आई,

काल नातीने मला अडचणीत आणलं. ती पवईला मॅनेजमेंट शिकते. म्हणजे मी साठच्या दशकात नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांत जे शिकलो तेच, फक्त तिच्या वर्गात एसी आहे आणि कुणी पेंगत नाही म्हणे. तिला शेवटचा प्रकल्प लिहायचाय आणि विषय सुचत नाहीये. "आजोबा, तुमचा प्रोजेक्ट कशावर होता?" असं तिने सहज विचारलं. मी पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "मुलुंडमधल्या एका खाद्यपदार्थांच्या लघुउद्योगावर." ती "भारी ना" म्हणाली आणि निघून गेली. तेव्हापासून मला चैन नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तेच सांगतोय.

त्या वेळी मी भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात ऑफिसात होतो. दिवसभर कामगारांच्या हजेऱ्या आणि रजा लिहायच्या, पाच वाजता हात धुऊन शहरात वर्गाला पळायचं. पदवीनंतरचं, मॅनेजर होण्याचं शिक्षण, असं तू अंगणात सगळ्यांना सांगायचीस. कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडातल्या काकू एकदा म्हणाल्या, "त्याला पण शिकावं लागतं? आमच्या ह्यांचा साहेब तर काही न शिकताच झाला." तू हसलीस, पण संध्याकाळी माझ्या डब्यात एक पोळी जास्त आली. शेवटच्या वर्षी सरांनी सांगितलं, जिथे आठ-दहा माणसं मिळून काम करतात तिथे जाऊन बसा, घड्याळ लावून बघा, काम कसं सुधारेल ते लिहा, आणि त्यांचा खरा पुढारी कोण ते शोधून काढा. हा प्रकल्प मान्य झाला नाही तर पदवी नाही. मी शाळेतल्या व्यायामाच्या मास्तरांकडून शर्यतीचं घड्याळ मागून आणलं आणि कारखान्याच्या साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे घेऊन आत गेलास तर दुपारपर्यंत सगळी मशीनं बंद पडतील. कामगारांना वाटेल मीच पाठवलंय." तीन आठवडे उरले होते आणि माझ्याकडे बघायला एक माणूस नव्हता.

तू स्वयंपाकघरात उडदाचं पीठ चाळत होतीस. माझं तोंड बघून म्हणालीस, "अरे, उद्यापासून आमचे पापड सुरू होतायत. आठ जणी आहोत. बस की लिहीत. आम्ही काही संप करणार नाही."

अंगणाभोवती आपली सात बिऱ्हाडं, आणि चैत्र सरता सरता पापडांची पाळी लागायची. आज हिच्या घरचे, उद्या तिच्या घरचे. ज्या घरचे पापड त्या घरी बाकीच्या सगळ्या जणी जेवणं आटोपून आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. मी ओटीच्या कडेला वही आणि घड्याळ घेऊन बसलो. कोपऱ्यावरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आम्हांला काय पळवतोस काय रे?" तरी घड्याळ दिसताच त्यांचं लाटणं दुप्पट वेगाने फिरायला लागलं. त्यांचा आवाज मोठा, हात जलद, हुकूम सतत चालू. मी लिहून टाकलं, पुढारी सापडला. सगळ्यांना मी क्रमांक दिले होते आणि तू तीन नंबरला होतीस. तुझ्या क्रमांकापुढे मी काय लिहिलं होतं ते आता सांगतो, कारण तेव्हा तू विचारलंस आणि मी वही मिटली होती. "कामगार क्रमांक तीन. वेग कमी. वारंवार जागेवरून उठते."

चौथ्या दिवशी आपल्या घरची पाळी होती, आणि मी तुला म्हटलं, आज माझ्या पद्धतीने करू. पुस्तकात कामाची विभागणी हा मोठा धडा होता. एकीने फक्त लाट्या कापायच्या, पाच जणींनी फक्त लाटायचं, दोघींनी फक्त वाळत घालायचं. गोल करून बसायचं नाही, ओळीत बसायचं, म्हणजे बोलण्यात वेळ जात नाही. तू वर्षभराच्या पापडांचं पीठ माझ्या हवाली केलंस. ते केवढं धाडस होतं ते मला आज कळतं. मी कोपऱ्यावरच्या काकूंना उन्हात पापड पसरायला पाठवलं, कारण त्या चालायला चपळ. पलीकडच्या घरातली नवी सून लाटण्यात कच्ची, तिला मी तिच्या सासूच्या पुढ्यातच बसवलं, म्हणजे सासू शिकवेल. तू हातातला दोरा घेऊन लाट्या कापायला बसलीस.

पहिला अर्धा तास मी फार खूश होतो. वहीत वेळा लिहितोय, आकडे झकास येतायत. मग लक्षात आलं की अंगणात कुणी बोलत नाहीये. तू कापलेल्या लाट्यांचा ढीग लाटणाऱ्यांच्या पुढे जाऊन बसला होता आणि वाऱ्याने कोरडा पडत होता. पापडांच्या कडांना चिरा जायला लागल्या. नवी सून सासूच्या नजरेखाली घाबरून आणखी जाड लाटत होती आणि तिचे डोळे भरले होते. कोपऱ्यावरच्या काकू उन्हातून आल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मला लाटता येत नाही असं कुणी सांगितलं तुला?" पोळपाट काखेत मारून त्या घरी चालू लागल्या. त्यांच्यामागे अजून दोघी उठल्या. माझी तर वाट लागली. माझा प्रकल्प, तुझे पापड आणि तीस वर्षांचा शेजार, सगळं एका दुपारी उठून चाललं होतं.

तू दोरा खाली ठेवलास. "कुणाला कुठे बसायला आवडतं ते विचारलंस का आधी?" एवढंच म्हणालीस, पण असं म्हणालीस की पुढे नोकरीत माणसांच्या बदल्या करताना प्रत्येक वेळी मला ते ऐकू आलं. मग कोपऱ्यावर जाऊन काकूंना म्हणालीस, "माझ्याच्याने पातळ लाटलं जात नाहीये हो, तुम्ही नसलात तर आमचे यंदाचे पापड गेले." दहा मिनिटांत सगळ्या पुन्हा गोल बसल्या. मी घड्याळ खिशात घातलं आणि पहिल्यांदा नुसतं बघितलं.

तू उठत होतीस. एकदा उठलीस ती पिठावरचं फडकं ओलं करायला. एकदा उठलीस ती तेलाची वाटी काकूंच्या पुढे सरकवायला, त्यांनी मागायच्या आत. आणि दर थोड्या वेळाने उठून तू नव्या सुनेचे जाड पापड वाळत घालायच्या निमित्ताने उचलायचीस, जाता जाता स्वतःच्या पोळपाटावर ठेवून दोनदा लाटणं फिरवायचीस आणि बाकीच्यांत मिसळून टाकायचीस. सासूला पत्ता नाही. सून मात्र संध्याकाळी गाणं गुणगुणत होती. हे सगळं चार दिवस माझ्या डोळ्यांपुढे चाललं होतं आणि मी लिहीत होतो, वेग कमी. मला इतकी लाज वाटली, आणि तुझा इतका अभिमान, की दोन्ही मिळून मी चार तेल लावलेल्या लाट्या गिळल्या आणि तू ओरडलीस, "पोट दुखेल."

मी आधीची पानं फाडली आणि सगळं नव्याने लिहिलं, पुढारी म्हणून कामगार क्रमांक तीन. पण घराचं नाव कसं घालायचं? वर्गातली मुलं गिरण्या आणि बँका बघून आली होती. म्हणून मथळा दिला, 'मुलुंड येथील खाद्यपदार्थांचा लघुउद्योग'. तोंडी परीक्षेला सरांच्या शेजारी सूट घातलेले दोन बाहेरचे परीक्षक होते. सरांनी पानं उलटली आणि विचारलं, "ही तीन नंबरची बाई कोण? तुमच्या ओळखीची आहे?"

मी म्हणालो, "नाही सर. कामगार आहे."

सरांनी त्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "त्या कारखान्याला सांगा, ही बाई सोडू नका."

घरी आलो तेव्हा तू दारातच होतीस. "पास?" पास. "आईने केलं म्हणून सांगितलंस ना?" हो म्हणालो. "मग काय म्हणाले सर?" म्हणाले, ही बाई सोडू नका. तेवढं तरी खरं होतं. तू पाठ फिरवून चुलीकडे गेलीस, आणि जेवणं व्हायच्या आत ते वाक्य सातही बिऱ्हाडांत पोचलं होतं. कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "आणि माझ्याबद्दल काय म्हणाले?" दुसऱ्या दिवशी तू पितळी डबा कापडात बांधून माझ्या हातात दिलास. सरांच्या वाटणीचे पापड. मी तो डबा सरांच्या टेबलावर ठेवला असता तर लघुउद्योगाचं पितळ तिथेच उघडं पडलं असतं.

पुढे मी खरंच मॅनेजर झालो. पापडांची पाळी दरवर्षी लागत राहिली आणि तू दरवर्षी पहिले पंचवीस बाजूला काढायचीस, सरांचे म्हणून. सर निवृत्त झाले तरी काढायचीस. "आवडले का रे?" विचारायचीस, आणि मी सांगायचो, फार आवडले, मिरी थोडी जास्त चालेल म्हणाले. पुढच्या वर्षी मिरी जास्त असायची.

हे पत्र मी नातीला वाचायला देणार आहे, तिला विषय हवाच आहे. पण तिच्याआधी तुला सांगायला हवं. ते पापड सरांनी कधी खाल्ले नाहीत, आई. भांडुपच्या कारखान्याच्या गेटवर रखवालदाराच्या शेगडीवर भाजून सगळे मीच खाल्ले. मिरी मलाच जास्त हवी होती.